दोन्ही पाय सारखे

त्या गुरुवारी ग्रंथालयाला सुट्टी होती, म्हणून दुपारी जेवण आटोपून मी खाली दुकानात गेले. आमचं घर दुकानाच्या डोक्यावर. मधला जिना लाकडी, अरुंद. तो मी भिंतीला धरून उतरते. आधी डावा पाय, मग उजवा त्याच्या शेजारी आणून ठेवायचा, मग पुन्हा डावा. बाबांनी मान वर न करताच ओळखलं.

"या गिऱ्हाईक," ते म्हणाले. "बसा. आज काय तक्रार?"

मी त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक होते. माझा डावा खुबा जन्मापासून उथळ. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत धड बसलेलाच नव्हता. लहानपणी मला महिनोन्महिने प्लास्टरमध्ये ठेवलं, तरी तो पाय दुसऱ्यापेक्षा अंगठ्याच्या जाडीइतका आखूड राहिला. बाबा बूट करायचे, त्यांचे वडीलही बूटच करायचे. त्यामुळे डॉक्टरांनी हात टेकल्यावर आमच्या घरात पुढचा उपाय कोण करणार हे कुणी कुणाला विचारावं लागलं नाही.

माझा डावा बूट आतून टेकाडासारखा असे. टाचेखाली कॉर्क, बोटांकडे उतरत गेलेला, त्यावर मऊ अस्तर. उरलेली उंची बाहेरच्या सोलमध्ये. उजव्या बुटाचा सोल बाहेरून तेवढाच जाड दिसे, पण आतून कोरलेला. आणि बूट घोट्याच्या वरपर्यंत, म्हणजे डावा पाय आत किती वर बसलाय ते कळू नये. जोडी टेबलावर ठेवली तर जुळ्या बहिणी. शाळेपासून नोकरीपर्यंत सगळ्यांना वाटत आलं की मला उंच बुटांची हौस आहे. अशा बुटांची चित्रं किंवा मापं बाबांनी कुठेही उतरवली नाहीत. दर वेळी पाय हातात घेऊन, बोटांनी दाबून, ते नव्याने ठरवायचे.

"टाच वाजतेय," मी म्हणाले.

"वाजणारच. बाहेरच्या बाजूने खाल्लीयेस. काढ."

बूट काढून मी नुसत्या मोज्यांवर बाकावर बसले. पलीकडे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मशीनवर वरच्या चामड्याची शिलाई घालत होते. काका कमी बोलतात आणि जास्त खोकतात. त्यांच्या खोकल्याचे प्रकार आम्हाला पाठ आहेत.

"तुझे सर्जन काय म्हणाले, ऑपरेशननंतर दोन्ही पाय सारखे होणार?" बाबांनी जुनी टाच उचकटत विचारलं.

"जवळजवळ सारखे."

"जवळजवळ? मी गिऱ्हाइकाला म्हटलं, घ्या साहेब, जवळजवळ तुमच्या मापाचे आहेत, तर?"

काका खोकले. हा हसण्याचा.

"बाबा, ते हाड कापतात. तुम्ही चामडं कापता."

"चामडं चुकलं तर दुसरं आणता येतं. म्हणून विचारतोय." त्यांनी खिळे तोंडात धरले, म्हणून पुढचं बोलणं दातांमधून आलं. "आणि मग तुझा जोड साधाच करायचा? दोन्ही सारखे?"

"दोन्ही सारखे."

"मला कंटाळा येईल."

"मग काकांना सांगेन."

"त्याला सांग. तो डोळे मिटून करतो. दिसतंच ते बूट बघून."

आई चहा घेऊन खाली आली ती भांडतच. चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा कुणी उघडा टाकला, वास वर स्वयंपाकघरापर्यंत येतोय. बाबांनी काकांकडे बोट केलं, काकांनी बाबांकडे. आईने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "दोघांची लग्नं उगाच लावली. दुकानाशीच लावायला हवी होती." नवीन टाच बसली. मी दारापर्यंत चालून आले. आवाज गेला होता. मग मी वर गेले आणि संध्याकाळभर वाचत पडले. काय वाचलं ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी शटर उघडलं, रेडिओ लावला आणि स्टुलावर बसले. काका दूध घेऊन आले तेव्हा ते भिंतीला टेकलेले होते, मांडीवर कुणाचा तरी तपकिरी बूट. काकांना वाटलं डुलकी लागली. त्यांनी आधी रेडिओचा आवाज कमी केला.

मला फोन आला तेव्हा मी परत आलेली पुस्तकं गाडीवर लावत होते. गाडी भरली होती. ती मी ढकलत जागेवर नेली आणि मग निघाले. घरी चालतच गेले. टाच अजिबात वाजत नव्हती.

बाबांनी माझ्यासाठी गुपचूप नवा जोड करून ठेवलेला नव्हता. भेटायला आलेल्यांपैकी दोघातिघांनी तसं विचारलं. माणसांना अशी गोष्ट हवी असते. पण बाबा माप घेतल्याशिवाय कात्री लावत नसत, आणि ज्या पायाचं माप घ्यायचं तो अजून तयार व्हायचा होता.

ऑपरेशनची तारीख त्याच महिन्याच्या शेवटी होती. आत्या म्हणाली, "यंदा राहू दे गं. घरात हे असं. खुबा काय पळून जातोय?"

"खुबा पळत नाही आणि हीसुद्धा पळत नाही," आई म्हणाली. "म्हणून तर करायचंय."

"अगं, पण तुझी अवस्था काय, तिची काय..."

"पुढच्या वर्षी हिचे बाबा परत येणार आहेत का? नाही ना? मग पुढच्या वर्षीही अवस्था हीच."

माझं तर ठरलेलंच होतं. बाबा गेले त्या आठवड्यात एकदा मी कपाट उघडून बसले. उंच बुटांचे मोजके जोड. त्यातले दोन बऱ्यापैकी झिजलेले. काका चांगले बूट करतात, पण सरळ पायांचे. डाव्या बुटातला तो उतार कसा काढायचा हे फक्त बाबांच्या बोटांना ठाऊक होतं, आणि तेही माझा पाय हातात असला तरच. जे आहेत ते झिजेपर्यंत मी चालणार. त्यानंतर काय? खुब्यातलं हाड हाडावर घासत होतं. रात्री कुशीवर वळता येत नव्हतं. वरिष्ठांनी सुचवलं होतं की मी पुस्तकांच्या मांडण्या सोडून तळघरात नोंदी करायला बसावं. मला नोंदी करायच्या नव्हत्या. मला कशाचाही आधार खाली न घेता, सरळ जमिनीवर चालायचं होतं. आता तर दुसरा रस्ताच उरला नव्हता.

सर्जन तरुण होते आणि त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचं कंबरेचं हाड होतं. ते त्यावर पेपरवेटसारखा हात ठेवून बोलायचे. "आपण पुढून आत जाणार. मांडीच्या वरच्या अंगाला चीर, साधारण तळहाताएवढी. स्नायू कापायचे नाहीत, दोन स्नायूंच्या मधून वाट काढायची. पडदा बाजूला करतो तसं. म्हणून लवकर उभं राहता येतं."

"म्हणजे छोटंच ऑपरेशन," आई म्हणाली.

"चीर छोटी आहे. ऑपरेशन छोटं नाही." त्यांनी हाडाचा गोळा खोबणीतून काढून दाखवला. "हा जाणार. इथे धातूची वाटी, आत नवा गोळा, दांडा मांडीच्या हाडात. पायाची लांबीही तिथेच जुळवू. एक्स-रे बघत बघत."

मला ते सगळं ओळखीचं वाटलं. साचा, ठोकणं, मापाला लावून बघणं. ते मी बोलून दाखवलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी कंबरेतून भुलीची सुई दिली होती आणि वर थोडं झोपेचं औषध. मध्येच मी अर्धवट जागी झाले. छातीपुढे हिरवा पडदा होता आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी ठोकत होतं. ठक, ठक, थांबून पुन्हा ठक. दुखत नव्हतं, फक्त सगळं अंग त्या ठोक्याबरोबर हलत होतं. मला वाटलं, सकाळ झाली, खाली दुकान उघडलं. मी अगदी निश्चिंत पुन्हा झोपले.

संध्याकाळी त्यांनी मला उभं केलं. वॉकरची दांडी पुस्तकांच्या गाडीसारखी गार होती, तेवढीच एक ओळखीची. पलंगाच्या कडेवरून मी डावा पाय खाली सोडला आणि तो वेळेच्या आधीच जमिनीला लागला. आयुष्यभर तो पाय जमीन शोधत खाली जायचा. आता जमीनच उठून वर आली होती. उजवीकडे मात्र खड्डा.

"हा लांब झालाय," मी म्हणाले.

"नाही झालेला," नर्स म्हणाली. "सगळ्यांना वाटतं. चला, एक पाऊल."

मी एक टाकलं. मग खिडकीपर्यंत गेले, कारण खिडकी दिसत होती.

घरी आल्यावर व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट येऊ लागल्या. ठेंगण्या, टणक, हातात नेहमी मोजपट्टी. आईने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव हेडमास्तरीण ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चुकून तोंडावरच उच्चारलं.

"शाळेत सगळे मला घाबरायचेच," हेडमास्तरीण म्हणाल्या. "टाच पलंगावरून सरकवत आत आणा. अजून. रडायचं असेल तर रडा, पण सरकवा."

मी रडले नाही आणि सरकवत राहिले. घोटे वरखाली. मांडी ताठ, मोकळी, ताठ. वॉकरवरून काठी, काठी उजव्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. मांडीच्या बाहेरच्या अंगाला एक पट्टा बधिर झाला होता. हात लावला तर दुसऱ्याच्या मांडीला लावल्यासारखं वाटे. तो हळूहळू जाईल, किंवा थोडा राहीलही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला त्यांचं ते आवडलं. त्या महिन्यात घरी येणारं प्रत्येक माणूस मला काही ना काही खोटं पण गोड सांगत होतं.

एक दिवस त्यांनी मला आडवं झोपवून मोजपट्टी लावली. एकदा, दोनदा. आई दाराशी उभी होती.

"दोन्ही सारखे आहेत. नीट ऐका आता. इतकी वर्षं तुमची कंबर डावीकडे झुकायचं शिकलीय. बूट काढले की ती झुकायचीच. तिथले स्नायू आखडलेत. आता पाय पुरा झालाय, पण कंबरेला ते माहीत नाही. म्हणून डावा लांब वाटतोय आणि उजवीकडे पडल्यासारखं होतंय. काही महिने हे असंच वाटणार. उजव्या पायाखाली काही घालायचं नाही. रबर नाही, कापडाची घडी नाही, जाड मोजा नाही. घातलंत की कंबर म्हणणार, बरं झालं, मी वाकडीच राहते."

"कळलं," मी म्हणाले.

"तुम्ही?" त्यांनी आईकडे बघितलं.

"मला काय विचारताय? मी चालतेय होय?" आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मी अनवाणी चालत राहिले. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग पॅसेजमध्ये. प्रत्येक पावलाला डावीकडे चढण, उजवीकडे उतार. आरशात बघितलं तर मी पूर्वीपेक्षा जास्त लचकत होते. पूर्वी निदान बूट होते. हेडमास्तरीणबाई म्हणायच्या, आरशात बघू नका, खांदे सारखे ठेवा. मी खांदे सारखे ठेवून दातओठ खात चालायचे. आई पॅसेजच्या टोकाला भाजी निवडत बसलेली असे. मी तिच्यापर्यंत येईस्तोवर ती मान वर करत नसे.

काठीने बाहेर जायची परवानगी मिळाली, तेव्हा काकांनी माझं माप घेतलं. मुकाट्याने, एका पायाचं, मग दुसऱ्याचं. चार-सहा दिवसांनी जोड वर आला. काळा, घोट्याच्या खाली, साध्या नाड्यांचा. आयुष्यातले माझे पहिले बुटके बूट. अस्तर आईने लावलेलं दिसत होतं, तिचा टाका बारीक असतो.

मी ते घातले, उभी राहिले आणि जमीन सपाट झाली.

उतार नाही, खड्डा नाही. मी खाली गेले, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. काका शटरपाशी उभे होते. ते खोकले, हा कुठला ते मला कळलं नाही. आईने त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी रेडिओ लावला. मी रोज बाहेर पडू लागले. आधी गल्ली, मग पोस्ट, मग ग्रंथालयाच्या पायऱ्यांपर्यंत. पायऱ्यांवरून वरिष्ठांना हात केला. पुढच्या महिन्यापासून मांडण्यांवर परत यायचं असं बोलणंही झालं. मला इतकं बरं वाटत होतं की शंका घ्यायला जागा नव्हती. बूट करणाऱ्याच्या मुलीला हातात बूट घेतल्यावर कळायला हवं होतं. पण मी ते हातात घेतच नव्हते. पलंगाखालून पायाने ओढायचे आणि बूट चढवायच्या शिंगाने टाच सरकवायची.

मग पाठ दुखू लागली. डाव्या बाजूला, कंबरेच्या जरा वर. आधी संध्याकाळी, मग सकाळपासून. घरात बूट काढले की मी भिंत धरून चालायचे. अनवाणी चालणं पुढे सरकायच्या ऐवजी मागे गेलं होतं.

हेडमास्तरीणबाईंनी मला आडवं करून मोजलं. पाय सारखे. उभं करून दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही कंबर सरळ व्हायला लागली होती. कुठे अडली?" त्या इकडेतिकडे बघू लागल्या. "बाहेर काय घालता?"

मी काठीनेच बूट पलंगाखालून पुढे सारले. त्यांनी उजवा उचलला, आत हात घातला, डाव्यात घातला, पुन्हा उजव्यात. बराच वेळ बोटांनी चाचपत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

मी हात पुढे केला. त्यांनी बूट माझ्या हातात दिला. अस्तर टाचेकडे जरासं चढत गेलेलं, बोटांकडे निमुळतं. खाली कॉर्क. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते डोळ्यांनी दिसलं नसतं. काकांना उतार येत नाही, असं आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो.

"घरच्यांनी," मी म्हणाले.

"घरी बूट करतात?"

"हो."

"वाटलंच. विकतचे इतके चांगले नसतात." त्यांनी बूट खाली ठेवला. "काढून टाका. आजच. आत्ता सोडलं नाही तर नवा खुबा घेऊनही तुम्ही जन्मभर वाकड्याच चालाल. मग मला बोलवू नका."

त्या गेल्यावर मी बूट काखेत मारले, काठी घेतली आणि मोज्यांवरच जिना उतरले.

दुकानात काका मशीनवर होते आणि आई त्यांच्या शेजारी अस्तरं कापत बसली होती. मी उजवा बूट दोघांच्या मधोमध ठेवला.

काकांनी मशीन थांबवलं.

"तिला सापडला?" आईने विचारलं.

"सापडला. तू दाराशी उभी होतीस ना ती सांगत होती तेव्हा?"

"रबर म्हणाली. कापड म्हणाली. कॉर्कचं नाव कुठे घेतलं तिने?"

"आई."

"काय आई? तू पॅसेजमधून येतेस आणि दर पावलाला एका बाजूला जातेस. मला वाटतं, ही पडली, आता पडली. बघवत नाही मला. मीच सांगितलं भाऊजींना. त्यांना बोलू नकोस."

"मी केलं," काका म्हणाले. "वहिनीने सांगितलं नसतं तरी केलं असतं. तुझा पाय हातात घेतला आणि..." ते थांबले. एवढं लांब वाक्य त्यांनी बाबांच्या पश्चात पहिल्यांदाच सुरू केलं होतं. "दादाने घातलं असतं."

"घातलं असतं," मी म्हणाले. "आणि मी त्यांना काढायला लावलं असतं."

"त्याने ऐकलं नसतं."

"मग मी दुसऱ्याच्या दुकानात बूट केले असते."

काका खोकले, पहिल्यांदा बारीक, मग मोठ्याने, आणि आईही तोंडाला पदर लावून हसू लागली. बाबा हे ऐकून काय काय बोलले असते ते तिघांनाही माहीत होतं. हसता हसता आईचे डोळे वाहू लागले. तिने ते पुसले नाहीत.

"मला दे," काका म्हणाले.

त्यांनी बूट गुडघ्यांत धरला, चामडं कापायच्या रापीच्या टोकाने आईचा टाका उसवला, अस्तर मागे मुडपलं आणि कॉर्क उचकटला. तो अखंड निघाला. सोल्यूशन खरवडून त्यांनी तळ साफ केला, हात फिरवून बघितला, अस्तर परत चिकटवलं आणि दोन मिनिटं अंगठ्याने दाबून धरलं. कॉर्क बाकावर पडला होता. आईने तो उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला वाटलं होतं ती ठेवून घेईल.

मी बाकावर बसून दोन्ही बूट घातले. नाड्या बांधल्या. काठी उजव्या हातात घेतली आणि उभी राहिले.

दुकान उजवीकडे कलंडलं. तीच फरशी, तोच बाक, पण सगळं एका बाजूला सांडल्यासारखं. मधल्या दिवसांत कंबर जे थोडंफार शिकली होती ते विसरून बसली होती. पुन्हा पहिल्यापासून. शटर समोर होतं, पुढे दुकानाची पायरी, पुढे रस्ता. आईने पायाने स्टूल माझ्या जवळ सरकवलं. काका उठले आणि मशीनला वळसा घालून माझ्या उजव्या अंगाला येऊन उभे राहिले, हात अर्धे पसरून.

"हात खाली घ्या, काका."

त्यांनी घेतले. मी पहिलं पाऊल टाकलं. डावा चढला, उजवा खाली गेला. दुसरं टाकलं. पायरीपाशी आले आणि थांबले.

"दुखतंय का?" आईने विचारलं. "दुखत असेल तर उद्या जा. आजच्या आज कुणी सांगितलंय?"

दुखत नव्हतं. आमच्या घरात माझ्या पायावर जितकं बोलणं झालं तितकं दुसऱ्या कशावर झालं नसेल. टाच, सोल, माप, कॉर्क, उतार, कुठे टोचतं, कुठे सैल आहे. बाबा विचारायचे, मी सांगायचे, ते दुरुस्त करायचे. जे बुटात दुरुस्त होण्यासारखं नव्हतं ते मी त्यांच्यापाशी काढलं नाही. काढलं असतं तर ते रात्रभर जागून आणखी एक थर लावत बसले असते.

आई अजून उत्तराची वाट बघत होती. काका माझ्या खांद्यामागे.

"दुखत नाही," मी म्हणाले. "मला भीती वाटते. पडायची. लहान होते तेव्हापासून, प्रत्येक पावलाला वाटते. बाबांचे बूट पायात असताना पण वाटायची. आता ते नाहीत तर जास्तच वाटते, आई. सरक जरा, मला पायरी उतरायचीय."